पॅडल थांबलं, पण मोटर थांबली का? नागपूरच्या रहदारीत ई-सायकलवर किती भरवसा ठेवायचा

सिग्नलला उभं असताना एक पाय जमिनीवर आणि दुसरा पॅडलवर टेकवून ठेवायची सवय साध्या सायकलवर कुणाला नडत नाही. ई-सायकलवर तीच सवय व्हेरायटी चौकात पुढच्या ऑटोच्या बंपरला नेऊन भिडवते. पायाचा भार पॅडलवर पडतो, सेन्सरला वाटतं मालक निघाला, आणि मोटर ढकलायला लागते. सायकल बिघडलेली नसते. चालवणाऱ्याला एक वाटत असतं आणि यंत्राला दुसरं, एवढंच.

आपोआप काहीतरी करणाऱ्या सायकलींबाबत "भरवशाची आहे का?" हा प्रश्नच मोघम आहे. मोटरचा जोर, मोटरची वीज तोडणारा ब्रेकचा स्विच, बॅटरीच्या काड्या, मागची गाडी ओळखणारं रडार, आपोआप लागणारा दिवा या पाचही गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी चुकतात. म्हणून भरवसाही सुटा-सुटा, मोजून ठेवायचा. तो कसा मोजायचा ते पुढे दिलं आहे. स्वतःचं स्वतः चौक ओलांडणारी सायकल काही दुकानात मिळत नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाने गॅझेल कंपनीबरोबर २०१९ मध्ये हँडलला मोटर लावून तोल सावरणारी सायकल दाखवली, पण तो नमुना होता. आपल्याला रोज भेटते ती २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किमीच्या आतला वेग असलेली सायकल. या मर्यादेत राहते म्हणूनच तिला मोटार वाहन धरत नाहीत आणि लायसन्स लागत नाही.

आधी सेन्सर कोणता ते ओळखा

दुकानदार हे नीट सांगेलच असं नाही, त्यामुळे घरीच बघा. मागच्या चाकात मोटर असेल तर कुणाला तरी सीट धरून मागचं चाक उचलायला सांगा. मोटर पुढच्या चाकात असेल तर हँडल उचला. असिस्ट, म्हणजे मोटरच्या मदतीची पातळी, १ वर ठेवा आणि पॅडल हाताने हळू, पुढच्या दिशेने फिरवा. चाक जोरात फिरू लागलं आणि हात थांबवल्यावरही क्षणभर फिरत राहिलं, तर तो फिरणं ओळखणारा सेन्सर आहे. पॅडलच्या आसाजवळ मॅग्नेट बसवलेली प्लास्टिकची चकती दिसेल, तीच ती. त्याला फक्त पॅडल फिरतंय की नाही एवढंच कळतं, तुम्ही जोर लावताय की नुसते पाय हलवताय हे कळत नाही. याउलट हाताने फिरवून मोटर जेमतेम हलली किंवा हललीच नाही, पण रस्त्यावर पाय दाबताच जोर येतो, तर तो दाब मोजणारा सेन्सर, म्हणजे टॉर्क सेन्सर.

स्वस्त सायकलींत पहिलाच प्रकार असतो आणि त्याच्या दोन खोडी लक्षात ठेवाव्या लागतात. निघताना पॅडल पाव ते अर्धा फेरा फिरेपर्यंत मोटर झोपलेली असते, मग एकदम उठते. थांबताना तिला तुम्ही थांबलात हे कळायला वेळ लागतो, तोवर ती ढकलत राहते. टॉर्क सेन्सरची खोड उलटी: तो फार लवकर ऐकतो. वर सांगितलेला सिग्नलचा झटका बहुतेकदा त्याचाच. फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरवरही झटका बसतो, पण निघायच्या तयारीत पॅडल वर आणताना ते पुढे फिरवलं तर. पॅडल नेहमी मागे फिरवून जागेवर आणा.

उपाय दोन्हींना एकच. लाल सिग्नलला डावा पाय जमिनीवर, ब्रेकचा लिव्हर किंचित दाबलेला. लिव्हर दाबलेला असला की मोटरची वीज तुटते, मग पॅडलवर कितीही भार पडो. अर्थात, ब्रेकचा स्विच चालू असेल तर.

ब्रेकचा स्विच, आणि तो गुपचूप का मरतो

या सायकलीतला सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत जास्त जबाबदारीचा भाग हा आहे. लिव्हरमध्ये छोटा स्विच असतो. लिव्हर थोडा दाबला की त्याच्या तारा जुळतात आणि कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटला, मोटर तोडायचा निरोप जातो. आता यातली मेख बघा. बऱ्याच सायकलींत तारा जुळल्या तरच निरोप जातो. तार तुटली, कनेक्टर निसटला, लिव्हरमधलं मॅग्नेट पडलं, तर निरोप जातच नाही. सायकल काही बोलत नाही, डिस्प्लेवर काही येत नाही, ब्रेकही लागतो. फक्त तुम्ही ब्रेक दाबताय आणि मोटर पुढे ओढतेय, अशी रस्सीखेच सुरू राहते. चालवणाऱ्याला वाटतं ब्रेक शू झिजले. तो ते बदलतो, आणि दोष तसाच राहतो.

म्हणून दर रविवारी दोन मिनिटं द्या. मोटरचं चाक उचलून धरा. पॅडल हाताने फिरवत राहा किंवा थ्रॉटल (पॅडल न मारता मोटर चालवणारी हँडलवरची मूठ) असेल तर तो थोडा पिळा. डावा लिव्हर हळूहळू दाबा. ब्रेक शू रिमला लागायच्या आधी मोटर बंद पडली पाहिजे. लिव्हर सोडा, आता उजवा. दोन्ही वेगवेगळे तपासा, कारण एक स्विच चालू असला की दोन्ही ब्रेक एकदम दाबल्यावर मेलेला झाकला जातो. टॉर्क सेन्सरवाल्या सायकलीला थ्रॉटल नसेल तर ही तपासणी मोकळ्या जागेत, असिस्ट १ वर, चालायच्या वेगाने करा: पाय दाबत राहा आणि लिव्हर नखभर दाबा, जोर तुटलेला पायाला कळतो.

स्विच बिघडायचं नेहमीचं कारण म्हणजे ब्रेकची तार घट्ट करून घेणं. मेकॅनिक तार ओढतो, लिव्हर सोडल्यावर पूर्ण जागेवर परत येत नाही, आणि स्विच अर्धवट जागेवर राहतो. अशा वेळी मोटर कधी चालते, कधी चालत नाही. दुसरं कारण पावसाळा. कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, हिरवट गंज धरतो. तो सुकवून, ब्रशने साफ करून, वर डायइलेक्ट्रिक ग्रीस (कनेक्टरमध्ये पाणी शिरू न देणारं ग्रीस) लावलं की बहुतेक वेळा काम भागतं. थ्रॉटल असेल तर तोही बघा: पिळून सोडला की टचकन मागे आला पाहिजे. उन्हाळ्यातली धूळ आणि घाम मिळून त्याचा लगदा होतो आणि थ्रॉटल रेंगाळतो.

खडू, टेप आणि एक मोकळं मैदान

अंगणात तपासून झालं की रस्त्यावर जायच्या आधी मोजमाप. लागतं काय: खडू, १० मीटरची टेप, एक सोबती. तुमच्या भागातलं कोणतंही मोकळं मैदान सकाळी ६ वाजता चालेल, पण खाली मुरूम नको, शक्यतो डांबर किंवा सिमेंट हवं.

खडूने आडवी रेघ मारा. ताशी १५ किमीने या, रेघेवर पाय थांबवा, ब्रेक लावू नका. मोटरचा जोर कुठे तुटला ते अंगाला कळतं. तिथे सोबत्याला ओरडून सांगा, तो खूण करेल. रेघेपासून खुणेपर्यंतचं अंतर मोजा. असिस्टच्या प्रत्येक पातळीवर पाच वेळा करा. मग पाचांची सरासरी काढू नका. सर्वांत लांबचा आकडा लिहून ठेवा, कारण चौकात म्हैस आडवी येते तेव्हा तिला सरासरीशी देणंघेणं नसतं. ताशी १५ किमी म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. मोटर अर्धा सेकंद उशिरा थांबली तर २ मीटर, म्हणजे एका सायकलीची लांबी, फुकट गेली.

पुढची फेरी ब्रेकची. समोरचं दिसून हात हलायला साधारण एक सेकंद जातो. चांगले ब्रेक आणि कोरडा रस्ता असेल तर ताशी १५ किमीला दिसल्यापासून थांबेपर्यंत साधारण साडेसहा मीटर लागतात, २५ किमीला १३. ओल्या रस्त्यावर रिम ब्रेक असतील तर २५ किमीचे १९ ते २० मीटर होतात. ही ढोबळ गणितं आहेत, तुमची सायकल मोजून बघा. २० ते २५ किलोची सायकल साध्या सायकलीच्या अंदाजाने थांबत नाही, हे एकदा टेपवर दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

मैदानावरून रस्त्यावर

सुरुवातीला रविवार सकाळ किंवा भल्या पहाटेचं सिव्हिल लाइन्स. रुंद रस्ते, झाडं, गाड्या कमी. तिथून सेमिनरी हिल्सचा चढ, कारण चढावर मोटर काय करते ते बघायचंच असतं. मग सकाळी ७ च्या सुमारास वेस्ट हायकोर्ट रोड, शंकरनगर ते लॉ कॉलेज चौक. संध्याकाळचं सीताबर्डी सर्वांत शेवटी. महाल आणि इतवारी-गांधीबागेच्या गल्ल्या तर वेगळाच विषय आहे: तिथे असिस्ट १ किंवा शून्य. हातगाडी आणि स्कूटर यांच्या मधल्या दीड फुटातून जाताना मोटरची मदत लागत नाही, तिची लुडबुड होते.

पुढच्या टप्प्यावर कधी जायचं हे दिवसांवर ठरवू नका. एक छोटी वही ठेवा, तिला दचकवही म्हणा. सायकलीने तुमच्या मनात नसलेलं काहीही केलं, की घरी आल्यावर एक ओळ: कुठे, असिस्ट किती, मी काय करत होतो, तिने काय केलं. "शंकरनगर, असिस्ट ३, वळताना पाय थांबवले, तरी ढकललं." सलग १० फेऱ्यांत एकही ओळ पडली नाही की पुढचा रस्ता. आठवड्याभरात ओळींचा नमुना दिसू लागतो. बहुतेकांच्या ओळी वळणावर आणि निघताना पडतात. सरळ रस्त्यावर सायकल सगळ्यांनाच शहाणी वाटते.

उलट बाजूही आहे. तीन आठवडे वही कोरी राहिली तर सायकल सुधारली असं समजू नका, तुमचं लक्ष ढिलं पडलं असण्याची शक्यता जास्त. बोटं बघा: गर्दीत दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर आहेत का, की सगळी हँडलच्या मुठीला? मुठीला असतील तर भरवसा गरजेपेक्षा वाढला. पुन्हा एकदा खडूची फेरी करा.

कमी भरवसाही घातक असतो, आणि हे फार कुणी सांगत नाही. झटक्याला घाबरून असिस्ट शून्यावर ठेवून २३ किलोची सायकल रेल्वे पुलाच्या चढावर ताशी ६ किमीने चढवणारा माणूस डगमगतो, आणि मागे 'आपली बस', म्हणजे शहर बस, असते. चढ सुरू व्हायच्या १० मीटर आधी असिस्ट २ करा, गिअर हलका घ्या, सरळ रेषेत चढा. मोटरची मदत घेण्यात कमीपणा नाही.

२५ ची भिंत

वेग २५ च्या जवळ आला की मोटर मदत काढून घेते. पायाला वाटतं सायकल कुणी मागून धरली. रिकाम्या रस्त्यावर काही बिघडत नाही. पण वर्धा रोडवर ताशी २२ ने जाणाऱ्या ई-रिक्षाला ओलांडायला निघालात, त्याच्या बाजूला आलात, आणि तिथेच मदत गेली, तर तुम्ही उजवीकडच्या गाड्या आणि ई-रिक्षा यांच्या मधे अडकता. नियम सोपा: समोरचं वाहन ताशी १५ पेक्षा जोरात असेल तर ओलांडायचं नाही, मागे राहायचं. आणि ओलांडायच्या आधी उजव्या खांद्यावरून मागे बघायचं, आरसा असला तरी.

इथे समोरच्याचा भरवसाही मोजावा लागतो. ऑटोवाले सायकलीचा वेग पायांवरून ओळखतात. पाय हळू फिरताना दिसले की "हा १० ने येतोय" असं धरून ते समोरून वळण घेतात. तुम्ही मात्र मोटरवर २२ ने येत असता. वर तेच ओरडतात, "दिसत नाही का बे?" त्यांचा अंदाज त्यांच्या जागी बरोबर आहे. उपाय तुमच्याकडे: चौकाच्या ३० मीटर आधी वेग १५ वर आणा, हलका गिअर घेऊन पाय जरा जोरात फिरवा, हात दाखवा. गाई आणि कुत्र्यांनाही मोटरचा आवाज येत नाही. १० मीटरवरून घंटी वाजवा आणि मग त्यांच्या शेपटीच्या बाजूने जा.

बॅटरीच्या काड्या आणि मे महिना

डिस्प्लेवरच्या काड्यांवर सर्वांत कमी विसंबा. साध्या डिस्प्लेत त्या बॅटरीत उरलेली वीज मोजत नाहीत, त्या क्षणीचा व्होल्टेज दाखवतात. चढावर भार पडला की व्होल्टेज खाली जातो, तीन काड्यांची एक होते, उतारावर पुन्हा तीन. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट असते आणि ३०-३१ च्या आसपास कंट्रोलर किंवा बॅटरीतलं सर्किट ती बंद करतं. काड्या बघायच्या तर एक मिनिट थांबून बघा. खरा हिशेब वेगळा: ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. किलोमीटरला १० ते १५ वॅट-तास धरले तर २४ ते ३६ किमी. शहराबाहेरच्या मिहान या उद्योग वसाहतीकडे नोकरीला जाणाऱ्याने २४ वर नियोजन करावं, ३६ वर नाही, आणि जुन्या बॅटरीला त्यातूनही कापावं.

नागपूरचा मे महिना यात वेगळा मोजायलाच हवा. लिथियम सेल चार्ज करायची वरची मर्यादा बहुधा ४५ अंश सेल्सिअस दिलेली असते, आणि इथे सावलीतलाच पारा तिथे पोचतो. उन्हात उभ्या सायकलीची काळी बॅटरी त्याच्याही वर जाते. दुपारी ऑफिसातून आल्या-आल्या चार्जरला लावू नका. बॅटरी काढून घरात, फरशीवर, तास-दीड तास ठेवा, आणि रात्री किंवा पहाटे चार्ज करा. कूलरच्या समोर नको, पाणी उडतं. उन्हात कंट्रोलर तापून जोर कमी करतो, तो बिघाड नसतो, स्वतःला वाचवणं असतं. अशा वेळी थ्रॉटल पिळत बसलात तर आणखी तापतो.

रडार, दिवा, एबीएस

मागून येणारी गाडी ओळखणारं रडार काही जण सीटखाली लावतात. गार्मिनचं वारिया १४० मीटरपर्यंतची गाडी टिपतं. ते तुमच्यापेक्षा जोरात जवळ येणारं वाहन ओळखतं. तुमच्याच वेगाने मागे चिकटलेली स्कूटर, उभी कार, गल्लीतून आडवा येणारा ऑटो त्याला दिसेलच असं नाही. काटोल रोडला शहराबाहेर ते सोन्यासारखं आहे. संध्याकाळी ६ वाजता मुंजे चौकात ते अखंड पिपाणी वाजवतं, आणि दहा मिनिटांत कान ते ऐकणं सोडून देतात. म्हणून गर्दीत आवाज बंद, नुसता दिवा ठेवा. वाजलं तर मागे बघायचं. वाजलं नाही तरी लेन बदलताना मागे बघायचंच.

आपोआप लागणारा दिवा मेट्रोच्या पुलाखाली हमखास गोंधळतो, कधी लागतो कधी नाही. हाताने चालू ठेवा. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, महागड्या सायकलींत येतं, बॉशने ते २०१८ मध्ये आणलं. पुढचं चाक जाम होऊन तोंडावर पडणं त्याने टळतं, पण गिट्टीवर थांबायचं अंतर त्याने कमी होत नाही.

पावसात आणि सिमेंट रस्त्यावर

नागपूरच्या सिमेंट रस्त्यांची कड आणि बाजूचे पेव्हर ब्लॉक यांच्यात दोन-चार इंचांची पायरी बऱ्याच ठिकाणी असते. ती तिरकी चढायला जाल तर चाक घसटून सायकल आडवी होते, आणि मोटर त्या क्षणी ढकलत असेल तर जास्त जोरात. कड चढायची तर वेग चालण्याइतका, लिव्हर किंचित दाबून मोटर तोडलेली, आणि चाक शक्य तितकं काटकोनात. स्लॅबच्या लांब फटींना समांतर जाऊ नका. पुढच्या चाकात मोटर असलेल्या सायकलीचं चाक ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर निघताना फिरकी घेतं, तेव्हा झेब्रा क्रॉसिंगवरून निघताना असिस्ट १.

नरेंद्रनगरचा पूल किंवा लोहापूल यांच्याखाली पाणी साचलं की मोटर बुडेल का याची सगळ्यांना काळजी. २६ इंची चाकाचा आस जमिनीपासून साधारण ३३ सेंटिमीटरवर असतो, आणि मोटरची तार तिथूनच आत जाते. पण पॅडलचा आस, म्हणजे सेन्सरची चकती, त्याच्याही खाली असते. पाणी पावलाच्या घोट्याच्या वर जात असेल तर मागे फिरा. तरीही भिजलीच तर घरी आल्यावर बॅटरी काढा, चकती आणि सेन्सर यांच्यामधला चिखल पुसा, दोघांत २-३ मिलिमीटर फट आहे ना बघा. चिखलाने फट बुजली किंवा चकती सरकली की मदत मधेच येते-जाते, आणि लोक कंट्रोलर बदलायला पैसे घालतात.

सायकल दुसऱ्याला देताना

भावाला, पुतण्याला, शेजारच्या काकांना "जरा दुकानापर्यंत" सायकल द्यायची वेळ येतेच. तुमच्या पायाला ती सवयीची झाली आहे, त्यांच्या नाही. सीट इतकी खाली करा की बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतील. असिस्ट १, थ्रॉटलची तार काढता येत असेल तर काढा. तीन गोष्टी तोंडी सांगा: थांबताना पाय थांबवून चालत नाही, ब्रेक दाबावा लागतो; सिग्नलला लिव्हर दाबून ठेवायचा; वळायच्या आधी पाय थांबवायचे, वळताना नाही. मग गेटसमोर एक फेरी मारायला लावा, आणि ते थांबताना त्यांची बोटं कुठे आहेत ते बघा. लिव्हरवर नसतील तर किल्ली परत घ्या आणि साधी सायकल द्या.